अकरा, तेरा, वीस

१५ डिसेंबर २०२५, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलं. मे महिन्यात मी निवृत्त होतो. चौतीस वर्षं गणित शिकवलं आणि या चौतीस वर्षांत पोरांनी केलेल्या चुकांपैकी एकही टिपून ठेवली नाही. ठेवली असती तर एव्हाना कपाट भरलं असतं. उशिरा का होईना, शेवटच्या वर्षाच्या तरी टिपाव्यात.

हेडसर रोज परभणीहून गाडीनं चुडाव्यापर्यंत आणि पुढे जीपनं येतात. परवा उतरल्या उतरल्या म्हणाले, "बन्सीधर सर, जाताना दहावीचा गणिताचा निकाल शंभर टक्के लावून जा." म्हणून सकाळी साडेसातला जादा तास सुरू केला. एक्केचाळीस पोरं, सगळी मफलरात गुंडाळलेली. फक्त डोळे दिसतात, आणि तेही अर्धे मिटलेले.

आज वयाचं उदाहरण घातलं. बापाचं वय मुलाच्या वयाच्या तिपटीपेक्षा चारनं कमी, दोघांची बेरीज छप्पन्न. नागसेननं सगळ्यांच्या आधी हात वर केला. उत्तर काय, तर बाप पंधरा वर्षांचा आणि मुलगा एक्केचाळीस! मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "अरे, घरी जाऊन बापाला दाखव हे उत्तर." तर म्हणतो, "सर, आकडेमोड बरोबर हाय." बघितलं तर खरंच बरोबर होती. क्ष कुणाला धरायचा तेवढं उलटं झालं होतं.

खिडकीजवळ पहिल्या बाकावर अर्पिता बसते. माझा धाकटा भाऊ भागवत, त्याची ही मुलगी. माझी सख्खी पुतणी, पण मला 'सर' म्हणते, आणि ते ठीकच आहे. गेली दहा वर्षं आमचं येणंजाणं नाही. वडील गेल्यावर, दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात, मी स्वतः साखळी धरून रानाची वाटणी केली. साखळी म्हणजे तेहतीस फूट. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. दोघांना सारखेच बांध दिले, एक अकरा साखळ्यांचा, दुसरा तेरा साखळ्यांचा. अकरा गुणिले तेरा, एकशे त्रेचाळीस गुंठे. सूतभर इकडे नाही, तिकडे नाही. पण पुढच्याच वर्षी भागवतच्या बायकोनं, पंचफुलानं ओरड सुरू केली की पेरताना बी उरतं, म्हणजे रान कमी आहे. पारावर चारचौघांत मी म्हणालो, "रान पुरेपूर आहे, पेरणारीची मूठ आखडली असेल." लोक पोट धरून हसले. तिनं तिथंच मला चोर म्हटलं. त्या दिवसापासून मी त्या घरचं पाणी पीत नाही. मास्तराला चोर म्हणायचं म्हणजे काय!

भागवत तेवढा दर संक्रांतीला तिळगुळाचा डबा आमच्या ओट्यावर ठेवून जातो. मी हात लावत नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

भूमिती. समरूप त्रिकोणांची सिद्धता पोरांनी घडाघडा म्हणून दाखवली. मला बरं वाटलं. मग सहज आकृती फळ्यावर उलटी काढली, टोक खाली आणि पाया वर, आणि अक्षरं बदलली. वर्ग अडला. एक मुलगी म्हणाली, "सर, असा त्रिकोण पुस्तकात न्हाई." म्हणजे ही पोरं सिद्धता शिकलीच नव्हती, नुसती आरती पाठ केली होती! मला तर धक्काच बसला. डोळ्यासमोर आहे ते पाहायचं नाही आणि पाठ केलेलं म्हणत सुटायचं, ही सवय यांना लागली कुठून?

अर्पितानं वही उलटी धरली, आकृती सरळ केली आणि सोडवली. डोकं आहे. आमच्या वडिलांवर गेलीय.

२२ डिसेंबर, सोमवार



सोमवारी शेवटची वीस मिनिटं मी मोकळी ठेवतो. ज्याला जे अडलं असेल ते त्यानं विचारायचं, मी फळ्यावर सोडवायचं. आज अर्पिता उभी राहिली.

"सर, चौकोन हाय. समोरासमोरच्या बाजू सारख्या. अकरा, तेरा, अकरा, तेरा. त्याचा मोठा कर्ण वीस. क्षेत्रफळ काढायचंय."

मी खुशीत खडू उचलला. कर्णानं चौकोनाचे दोन सारखे त्रिकोण झाले. एका त्रिकोणाच्या तिन्ही बाजू माहीत, मग हेरॉनचं सूत्र, आठवीतलं. अकरा, तेरा, वीस यांची बेरीज चव्वेचाळीस, निम्मे बावीस. बावीसातून एकेक बाजू वजा केली, अकरा, नऊ आणि दोन. सगळ्यांचा गुणाकार चार हजार तीनशे छप्पन्न. त्याचं वर्गमूळ बरोबर सहासष्ट! मागे एक शेपूट नाही. दोन त्रिकोण म्हणजे एकशे बत्तीस. मी हात झटकले. म्हणालो, "वा! कोणत्या गाईडमधलं आहे? ज्यानं काढलं त्याला आकड्यांची जाण आहे."

"गाईडातलं न्हाई, सर. आमचं रान हाय. मायनं आन् म्या दोरीनं मोजलं."

 मला वाटलं, आता घंटा होईल. झाली नाही. नागसेन, त्याच्या मनात काहीच नव्हतं, त्यानं मागून विचारलं, "सर, तुमचं रानबी अकरा-तेराचंच हाय नव्हं? मग तुमचं किती भरतंय?"

"माझं काटकोनात आहे," मी म्हणालो. "एकशे त्रेचाळीस."

तोंडातून निघून गेलं. फळ्यावर एकशे बत्तीस माझ्याच अक्षरात होतं. ते पुसायलाही माझा हात उठला नाही.

संध्याकाळी

ओट्यावरच्या बाजेच्या एका कोपऱ्याला गुडघा लावून ढकललं. बाज जुनी, खुरं सैल झालेली. ती सरळ तिरकी झाली. चौकटीचे चारी दांडे, गाते, तेवढ्याच लांबीचे राहिले आणि मधली नवार लोंबली. झोपायची जागा कमी झाली. अडाणी माणसालाही दिसेल की! माझं रान सरळ बाज आणि भागवतचं ओढ्याच्या अंगाला तिरकी झालेली बाज. बांध सारखे, रान नाही.

"मास्तर असून बाज मोडायले का?" माझी बायको दैवशाला आतून ओरडली.

वडिलांचा नियम होता, समोरासमोरच्या बांधांची बेरीज करायची, निम्मी करायची आणि गुणायचं. गावात सगळे असंच मोजतात. पंचक्रोशीतल्या किती वाटण्या मी याच नियमानं केल्या. शाळेत हेरॉन आणि रानात वडिलांचा, राधाकिशन पाटलांचा नियम, दोन्ही माझ्याच डोक्यात आणि दोघांची कधी गाठ पडली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. चूक झाली. शुद्ध चूक.

२४ डिसेंबर, बुधवार

मायलेकींनी दोरीनं मोजलेलं काय खरं धरायचं? दोरी ताणते. म्हणून उजाडता उजाडता टेप घेऊन भागवतच्या रानात गेलो. हरभरा घोट्याच्या वर आलाय. पानांवरच्या आंबट दवानं, आंबेनं, पायजमा भिजला, पायाची कातडी चुरचुरायला लागली. टेपचं टोक ढेकळाखाली दाबून एकट्यानं या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मोजत गेलो. सहाशे साठ फूट. तेहतिसानं भागलं की वीस.

वर मान केली तर बांधावर पंचफुला. डोक्यावर वैरणीचा भारा. ती थोरल्या दिराशी बोलत नाही, तशी रीतही नाही. मी टेप गुंडाळू लागलो. ती भारा न उतरवता तशीच उभी राहिली, मी रानाबाहेर पडेपर्यंत. सत्तावन्न वर्षांचा माणूस दुसऱ्याच्या हरभऱ्यात चोरासारखा सापडला.

२८ डिसेंबर, रविवार

चूक आहे तर दुरुस्त करायची. वर्गात मी हेच सांगतो. खोडायचं, खाली नीट लिहायचं, लाज बाळगायची नाही.

माझं एकशे त्रेचाळीस, त्याचं एकशे बत्तीस. मधला तेरा साखळ्यांचा बांध दोघांत सामाईक. तो माझ्या अंगाला क्ष साखळ्या सरकवला तर माझं कमी होईल तेरा क्ष, त्याचं वाढेल तेरा क्ष. दोन्ही सारखं व्हायचं तर सव्वीस क्ष बरोबर अकरा. क्ष म्हणजे अकरा भागिले सव्वीस. फुटांत केलं की चौदाला बोटभर कमी. साडेपाच गुंठे. आठवीतलं पोर पाच मिनिटांत करेल.

चौदा फूट. एवढंच तर आहे, म्हणून हसत हसत रानात गेलो आणि बांधापासून चौदा फूट मोजले.

बोअर नऊ फुटांवर आहे.

तिथंच खाली बसलो. वडिलांनी जाण्याआधी दोन वर्षं पाडलेली बोअर, अडीच इंची पाणी, या भागात एवढं पाणी कुणालाच लागलेलं नाही. त्याच्यावर माझी दोनशे मोसंबीची झाडं उभी आहेत. सध्या बाग ताणावर आहे. महिनाभर पाणी तोडायचं आणि संक्रांतीच्या सुमारास सोडायचं, मग बहार फुटतो. ते पाणी चुकलं तर बाग गेली. पेन्शनीचं सोडा, निवृत्तीनंतर सकाळी उठून जायला मला त्या बागेशिवाय आहे काय?

बांध आधीपासून बरोबर असता तर बोअर भागवतची असती. सोळा सालच्या दुष्काळात तो स्वतः आला होता, तुरीला एक पाणी द्या म्हणून. मी ओट्यावरूनच परत पाठवला. चोर म्हणणाऱ्याच्या रानाला चोराचं पाणी कशाला?



३० डिसेंबर, मंगळवार

मार्ग सापडला! साडेपाच गुंठे द्यायचे आहेत ना? मग पट्टीच कशाला हवी? त्रिकोण का नाही? बोअर बांधाच्या वरच्या टोकाला आहे. त्या टोकाला बांध आहे तिथंच ठेवायचा आणि खालच्या टोकाला अठ्ठावीस फूट माझ्यात घ्यायचा. पाया अठ्ठावीस फूट, उंची तेरा साखळ्या. क्षेत्रफळ बरोबर साडेपाच गुंठे. बोअरजवळ बांध जेमतेम साडेचार फूट सरकतो, बोअर माझ्याकडे सुखरूप.

त्याला त्याचं रान मिळालं, मला माझं पाणी. गणितानं दोघांनाही न्याय दिला. चार वेळा तपासलं. आकडेमोड बरोबर आहे.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

दैवशालाला कागद दाखवला. तिला गणित कळत नाही, पण मनातलं कुणाशी तरी बोलावं म्हणून. तिनं गवार निवडता निवडता ऐकून घेतलं.

"म्हंजी बोअर आपल्याकडंच," ती म्हणाली.

"हो, पण रान सारखं. हिशेबानं सारखं."

"तवाबी तुमी असंच कागदं काळे केले व्हते दोन दिवस."

"तेव्हा म्हणजे केव्हा?"

"वाटणीच्या आधी. इकडून बांध घेतला तर बोअर तिकडं जाती, तिकडून घेतला तर इकडं येती. मला काय कळतंय तवा. आन् तुमी त्या तिरक्या रानाचा कर्ण मोजला व्हता. साखळीचं दुसरं टोक म्याच धरलं व्हतं."

 म्हटलं, "कर्ण मी परवाच पहिल्यांदा मोजला."

"न्हाई. भागवत भावजी पाथरीला गेलते त्या दिशी. वीस भरली व्हती. तुमी म्हणाले, कुणाला बोलू नको, हे शाळंतलं हाय, रानात लागत न्हाई."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमी मास्तर," ती म्हणाली आणि शेंगांचं ताट घेऊन आत गेली.

४ जानेवारी, रविवार

तीन दिवस आठवून पाहतोय. मला आठवत नाही. खरंच आठवत नाही.

तो दिवस आठवतो. ऊन आठवतं, नांगरटीची ढेकळं आठवतात. मधेच दैवशालाच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला, तो मी पिनेनं काढला, हेही आठवतं. निंबाखाली भाकरी खाल्ली, कांदा तिखट होता. साखळीची कडी कुठं पीळ खायची तेसुद्धा आठवतं. आकडा तेवढा आठवत नाही. अकरा वर्षांत माणूस एखादा आकडा विसरू शकतो. बायका काहीही बोलतात. तिचाच काहीतरी घोळ होत असेल.

आज जादा तासाला शिकवण्यात लक्ष नव्हतं. रविवार असूनही पोरं आली होती. अर्पितानं वर्गमूळ काढताना माझी चूक दाखवली. "सर, तिथं वजा पायजे." मी तिच्यावर खेकसलो. 

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर उद्या हेही आठवणार नाही.

जादा तासाला आज सुट्टी दिली होती. सकाळी आठला भागवत आला. नेहमीसारखा डबा ओट्यावर ठेवला आणि माघारी वळला. मी दारातून म्हणालो, "थांब."

तो असा दचकला की चप्पल पायातून निसटली. केस पिकलेत त्याचे. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, आणि माझ्याहून म्हातारा दिसतो. मी म्हणालो, "वाटणीत माझं गणित चुकलं, भागवत. तुझं रान तिरकं आहे, ते मी सरळ धरून मोजलं. तुला साडेपाच गुंठे कमी आलं."

तो पायरीवर बसला. मला वाटलं, आता शिव्या देईल. मनाची तयारी केली होती. तर तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"म्या सांगत व्हतो तिला! अकरा वर्सं सांगायलोय, अण्णा चुकले असतील, लबाडी करणार न्हाईत. आमच्या अण्णानं मला हाताला धरून शाळंत घातलंय. म्या सांगतच व्हतो!"

माझा हात धरला आणि ओढतच घरी नेलं. आख्खी गल्ली बघत होती. त्यांच्या दारात मी दहा वर्षांनी पाऊल ठेवलं. पंचफुलानं पदर पुढं ओढला आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी पाणी प्यालो. कागद काढून अंगणात पसरला आणि त्रिकोण समजावून सांगायला लागलो, खालच्या टोकाला अठ्ठावीस फूट, वरच्या टोकाला आहे तसं. भागवतनं कागदाकडे बघितलंही नाही.

"बोअर तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, अण्णा. आता पाणी सोडायचं दिस आलेत, मोसंबी वाळंल. आन् रानबी नगं. चुकीनं झालं ते झालं, तुमी दारात आले, लय झालं."

 मागायच्या आधीच सगळं मिळालं होतं. भाऊ मिळाला, बाग वाचली, आणि जमीनसुद्धा जाणार नव्हती. मला फक्त गप्प बसायचं होतं.

अर्पिता चुलीजवळ उकिडवी बसून कागद उलटा वाचत होती. तिनं विचारलं, "सर, पण तवा कर्ण का न्हाई मोजला? मोजला असता तर तवाच कळलं असतं."

तिच्या विचारण्यात काही खोच नव्हती. पायरी गाळली की ती वर्गातही अशीच विचारते.

भागवत तिच्यावर डाफरला. "गप गं! एवढं समदं माणसाच्या ध्यानात येतंय का? राहून गेलं आसंल."

"मोजला होता," मी म्हणालो. "वीस साखळ्या."

माझाच आवाज माझ्या कानावर आला तेव्हा मी हादरलो. दहा दिवसांपूर्वी याच वहीत मी आठवत नाही म्हणून लिहिलंय. पान उलटून पाहिलं, तसंच लिहिलंय. आणि तिथं, त्या अंगणात, सगळं लख्ख आठवलं. कर्ण वीस भरला तेव्हा मी तिथंच उभ्या उभ्या तोंडी हिशेब केला होता. सहासष्ट दुणे एकशे बत्तीस. मग बांध सरळ केला तर बोअर कुठं जाते तेही पाहिलं होतं. आणि मग वडिलांचा नियम आठवला होता. हायसं वाटलं होतं मला तो नियम आठवून.

मी म्हणालो, "मला तेव्हाच कळलं होतं, भागवत. बोअरसाठी केलं."

 पारावर चोर म्हटलं तेवढं सोडलं तर पंचफुला माझ्याशी कधी तोंडानं बोललेली नव्हती. आज बोलली, पदर तसाच ठेवून.

"माझ्या मुठीला नाव ठेवलं तुमी. त्या सालापून गावात पेरणीला मला कुणी बोलवीत न्हाई. तिफणीच्या चाड्यावर बी सोडताना माझ्यासारखी मूठ धरणारी एकबी बाई नव्हती या गावात. मलाबी वाटायचं, हातच बिघडला आसंल माझा."

 पारावर लोक हसले होते तेव्हा मीही हसलो होतो. त्या एका वाक्याचं मला किती कौतुक वाटायचं! बी दरवर्षी आठ-नऊ किलो उरायचं, अकरा गुंठ्यांना लागतं तेवढंच. ती बाई अकरा वर्षं बिनचूक पेरत होती.

भागवत जमिनीकडे बघत होता. तसाच म्हणाला, "अण्णा, तुमी चुकले असते तर बरं झालं असतं."

तो उठून गोठ्यात गेला. परत आला नाही. मी कागद उचलला आणि घरी आलो. खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. मला वाटलं नाही.

१७ जानेवारी, शनिवार

अर्पिता तासाला आली. बसली त्याच बाकावर. मला वाटलं होतं, येणार नाही. मी फळ्याकडे तोंड करून शिकवत राहिलो. तास संपल्यावर तिनं टेबलावर चिठ्ठी ठेवली. तिच्या बापाचं अक्षर. 'उद्या सकाळी रानात या. टेप आणा.'

दैवशालाला दाखवली. ती म्हणाली, "त्रिकोणाचा कागद घरीच ठेवा."

१८ जानेवारी, रविवार

त्रिकोणाचा कागद चुलीत घातला. पट्टीच दिली, पूर्ण बांधभर, चौदा फूट.

भागवत माझ्या आधी येऊन उभा होता. हातात घण, बाजूला बाभळीच्या सहा खुंट्या. राम राम नाही की काही नाही. मी टेप धरला, दुसरं टोक त्यानं धरलं. वरच्या टोकाला चौदा, मधे चौदा, खाली चौदा. सगळीकडे दोनदा मोजलं. मी मोजल्यावर त्यानं पुन्हा मोजलं. बोअर त्याच्या अंगाला पाच फूट आत गेली. मोटारीच्या खोक्याची किल्ली मी करदोट्यातून सोडून त्याच्यापुढं धरली. त्यानं घेतली आणि न बघता खिशात टाकली.

खुंट्या मी धरल्या, घण त्यानं मारला. दोन तास गेले त्यात, आणि या दोन तासांत त्यानं मला एकदाही अण्णा म्हटलं नाही.  लहानपणी याला मी खांद्यावर बसवून याच रानात हुरडा खायला आणायचो.

पाचवी खुंटी ठोकून झाल्यावर तो घाम पुसत माझ्या बागेकडे बघत राहिला. झाडांची पानं ताणानं गळून पिवळा सडा पडलाय. मला वाटलं, मनात म्हणत असेल, वाळू दे आता. त्याच्या जागी मी असतो तर तेच म्हणालो असतो.

"मोसंबीचा ताण कवा तोडायचा?" त्यानं विचारलं. माझ्याकडे न बघता.

मला आधी कळलंच नाही काय विचारतोय. मग म्हणालो, "झाली वेळ. या दोन-चार दिवसांत."

"लाईट रातच्याला येती या आठवड्यात. उद्याच्याला सोडतो पाणी. तुमी झाडायला पाण्याचे बारे धरून ठेवा."

अकरा वर्षांत मी त्याला पाणी हवं का म्हणून एकदाही विचारलं नव्हतं.  त्यानं सहावी खुंटी उचलून माझ्या हातात दिली.